खोडलेला सन

क्रांतीने चित्रकला बदलली, असे आपण सहज म्हणून जातो. झाक-लुई दाविदच्या बाबतीत तर हे गृहीतच धरलेले असते. पण सनावळी पाहिली की अडखळायला होते. पुढे ताणलेले हात, मागे साधे खांब, एका कडेला खचून बसलेल्या बायका असे त्याचे ‘होराशी बंधूंची शपथ’ हे चित्र १७८५ साली लोकांपुढे आले. बॅस्टिल पडायला अजून चार वर्षे होती, आणि चित्राची मागणी होती राजाच्याच कलाखात्याची! ती कणखर रोमन शैली राजाच्या पैशावर पोसली गेली. क्रांतीने तिला फक्त नवा धनी दिला.

क्रांतीचा खरा धक्का मला दिसतो तो काळाच्या हिशेबात. जुलै १७९३ मध्ये शार्लोत कोर्देने माराचा न्हाणीत खून केला. त्याच वर्षी दाविदने ते चित्र पुरे केले. वर्तमानपत्र चालवणारा एक माणूस, कातडीच्या आजाराने पिडलेला. चित्रात मात्र त्याची कांती नितळ आहे. अर्धा पट नुसता रिकामा, काळोखा. खाली लाकडी खोक्यावर अक्षरे: ‘माराला, दाविदकडून’. त्याखाली ‘वर्ष दोन’. खालच्या दोन कोपऱ्यांत आधी १७ आणि ९३ हे आकडे होते. ते पुसले, तरी त्यांच्या खुणा राहिल्याच. नवी दिनदर्शिका आली आणि हातातल्या चित्राचा सन बदलावा लागला. माझा धंदा अनुवादाचा, म्हणून असेल, पण रक्तापेक्षा मी त्या पुसट आकड्यांशीच जास्त रेंगाळते. मूळ शब्द खोडूनही खालून डोकावतो, हे आमच्या रोजच्या ओळखीचे.

हाच दाविद राजाच्या मृत्यूच्या बाजूने मत देणारा, आणि सुरक्षा समितीवर बसून अटकेच्या हुकमांवर सह्या करणारा. माराच्या चित्रातली करुणा मला खोटी वाटत नाही. त्या सह्याही खोट्या नव्हत्या.

त्याचे सर्वांत मोठे क्रांतिचित्र मात्र अपुरेच राहिले. टेनिस कोर्टवरच्या शपथेचे रेखाटन त्याने १७९१ साली दाखवले. पुढे पटावरचे नायकच बदलत गेले. मधोमध उभा राहून शपथ वाचणारा बायी १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला, त्याच महिन्यात बार्नाव्हही. मिराबोचे अवशेष पँथिऑनमधून काढून तिथे माराला नेले. वर्षाच्या आत मारालाही बाहेर काढले. व्हर्सायमध्ये तो पट आजही आहे. आधी नग्न देह, मग त्यावर कपडे, ही राजाच्या अकादमीने शिकवलेली पद्धत दाविदने सोडली नव्हती. ती अकादमी बंद पाडायला मात्र तोच पुढे होता. त्यामुळे पटावर उघडे देह हात उंचावून उभे आहेत. चेहरे रंगले ते मोजक्यांचेच. त्यांत मिराबो आहे, बार्नाव्ह आहे.