प्रश्नोत्तर पद्धती (अध्यापन)

प्रश्नोत्तर पद्धती ही क्रमाने प्रश्न विचारून व विद्यार्थ्यांच्या उत्तरांचा आधार घेऊन पाठ पुढे नेण्याची अध्यापनपद्धती आहे. वर्गातील प्रश्नाचे मुख्यतः दोन हेतू असतात : शिकवलेले कितपत समजले हे तपासणे आणि विद्यार्थ्याला विचारास प्रवृत्त करणे. प्रश्न कोणता, तो कोणाला विचारला, उत्तरासाठी किती अवधी दिला आणि चुकलेल्या उत्तराचे पुढे काय केले, या चार बाबींचा विद्यार्थ्यांच्या अध्ययन-प्रेरणेशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखातील पाठांची उदाहरणे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या परिसरातून घेतली आहेत. लोणावळ्यासारखे शहर, भातशेतीची गावे आणि कातकरी व ठाकर समाजाच्या वस्त्या या एकाच तालुक्यात असल्याने या पद्धतीची बलस्थाने आणि अडचणी दोन्ही येथे पाहता येतात.

पार्श्वभूमी

प्रश्नातून ज्ञान देण्याची परंपरा प्राचीन आहे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात आणि संपूर्ण ग्रंथ त्यांच्या सहा प्रश्नांभोवती गुंफलेला आहे. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसाने प्रश्नांच्या साखळीने समोरच्याच्या समजुतीतील विसंगती उघड करण्याची रीत रूढ केली. मराठीत महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादरूपाने लिहिला आहे. त्यात प्रश्न विचारण्याचे काम धोंडीबाकडे, म्हणजे शिकणाऱ्याकडे आहे.

आधुनिक शाळेत मात्र हा क्रम उलटला. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या विचारांवर त्यांच्या अनुयायांनी उभारलेली पंचपदी अध्यापक विद्यालयांतून रुजली आणि प्रास्ताविक, विकासात्मक व पुनरावृत्तीचे प्रश्न पाठ टाचणात आधीच लिहून ठेवण्याची प्रथा पडली. प्रश्न शिक्षकाचा व उत्तर विद्यार्थ्याचे, अशी वाटणी यातून पक्की झाली. रोमिएट स्टीव्हन्स यांनी अमेरिकेतील वर्गांचे निरीक्षण करून १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांचे सुमारे दोनतृतीयांश प्रश्न केवळ स्मरणाचे असल्याचे आढळले. १९७५ मध्ये सिंक्लेअर व कुल्टहार्ड या ब्रिटिश भाषाभ्यासकांनी वर्गातील संभाषणाची तीन पदांची घडण दाखवली : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि शिक्षकाचा शेरा.

महाराष्ट्रात या चौकटीबाहेर जाण्याचे काही प्रयत्न झाले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आताचा पालघर) बोर्डी व कोसबाड परिसरात केलेल्या कामात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालवली. मुले असतील तेथे शाळा जाई आणि भोवतीचा निसर्ग हेच पाठाचे साहित्य असे. कोल्हापूर येथे लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध व संशोधन यांतून शिक्षण आणि मुलाला भयमुक्त करून मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे या बाबींचा समावेश आहे. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

प्रश्नांचे प्रकार

ज्याचे उत्तर ठरलेले असते तो बंदिस्त प्रश्न व ज्याची एकाहून अधिक समर्थनीय उत्तरे संभवतात तो मुक्त प्रश्न, असे ढोबळ वर्गीकरण केले जाते. बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या आणि २००१ मध्ये सुधारित झालेल्या वर्गीकरणात सहा पातळ्या आहेत. कार्ले लेण्यांवरील एकाच पाठात त्या पुढीलप्रमाणे येऊ शकतात.

• स्मरण : कार्ले येथील चैत्यगृह कोणत्या धर्माशी संबंधित आहे?
• आकलन : घाटाकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गाजवळ लेणी असण्याचा भिक्षूंना काय उपयोग होत असेल, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
• उपयोजन : तालुक्याच्या नकाशावर कार्ले, भाजे व बेडसे दाखवा आणि देशावरून कोकणात उतरणाऱ्या तांड्याची वाट आखा.
• विश्लेषण : छत अखंड खडकात कोरलेले आहे, ते पेलण्यासाठी आधाराची गरज नाही, तरीही आतून लाकडी कमानी का बसवल्या असतील?
• मूल्यमापन : लेण्यांची जपणूक व भाविक-पर्यटकांची सोय यांत ओढाताण झाल्यास कशाला अग्रक्रम द्यावा? का?
• सर्जन : दहा वर्षांच्या मुलाला समजेल असा माहितीफलक तयार करा.

यांपैकी चौथा प्रश्न विशेष फलदायी आहे. खडकात कोरण्यापूर्वी अशा वास्तू लाकडात बांधल्या जात आणि कारागिरांनी तीच घडण दगडात उतरवली, हे उत्तर विद्यार्थ्यांना पुराव्यांवरून गाठता येते. भाजे येथील चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतीत अशा कलत्या खांबांना अर्थ होता, दगडात नाही. कलत्या खांबांचे छायाचित्र दाखवून ‘याचा उपयोग काय?’ असा उपप्रश्न विचारला की कमानींचे कोडेही सुटू लागते.

सर्वच प्रश्न वरच्या पातळीचे असावेत, असे मात्र नाही. माहितीचा पाया नसेल तर विश्लेषणाचा प्रश्न हवेत राहतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेस तळेगाव दाभाडेकडे जाताना तो झपाट्याने कमी होतो, हे माहीत असल्याखेरीज ‘असे का होते?’ हा प्रश्न विचारण्यात स्वारस्य नाही.

प्रश्न विचारण्याची रीत

प्रशिक्षण महाविद्यालयांतील सूक्ष्म अध्यापनात प्रश्नकौशल्याचा स्वतंत्र सराव घेतला जातो. त्यातील प्रमुख संकेत असे आहेत. प्रश्न आधी सर्व वर्गासमोर मांडावा, थांबावे आणि नंतर एखाद्याचे नाव घ्यावे. नाव आधी घेतल्यास उरलेले विद्यार्थी विचार करणे सोडून देतात. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ज्यात उत्तर दडलेले आहे किंवा ज्याचे उत्तर ‘हो’ वा ‘नाही’ एवढेच येते, असे प्रश्न शक्यतो टाळावेत. ‘समजले का?’ या प्रश्नाला येणारा ‘हो’ हा समूहस्वर आकलनाचा पुरावा नव्हे.

उत्तरासाठी द्यायच्या अवधीवर मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून अभ्यास केला. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना दिसले. हा अवधी तीन सेकंदांहून अधिक केल्यावर उत्तरे लांब व सकारण होऊ लागली, ‘माहीत नाही’ असे म्हणण्याचे प्रमाण घटले आणि ज्यांची गणना ‘मंद’ म्हणून झाली होती त्या मुलांचा सहभाग वाढला. उत्तर आल्यानंतर लगेच शेरा न मारता थांबणे हेही तितकेच परिणामकारक ठरले, कारण विद्यार्थी त्या अवधीत आपल्याच उत्तरात भर घालतात.

चुकीच्या उत्तराची हाताळणी हा या पद्धतीतील सर्वांत नाजूक भाग आहे. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिने का जोडतात, या प्रश्नावर ‘पुढचे इंजिन जुने असते म्हणून’ असे उत्तर आले, तर ‘चूक’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळणे सोपे असते. त्याऐवजी ‘मग हीच इंजिने लोणावळ्याला का काढून घेतात?’ असे विचारल्यास मूल स्वतःच चढाच्या कारणाकडे येते. या घाटात ३७ मीटर अंतरामागे एक मीटर इतका तीव्र चढ आहे, ही माहिती त्यानंतर दिली असता ती लक्षात राहते.

अध्ययन-प्रेरणेशी संबंध

प्रेरणेचे आंतरिक व बाह्य असे दोन प्रकार मानले जातात. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालकांना प्रमाणपत्राचे आमिष दाखवले. पुढे मोकळ्या वेळात ही बालके इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. यावरून प्रत्येक उत्तराला गुण, तारका वा टाळ्या देण्याच्या पद्धतीचा पुनर्विचार सुचवला जातो. म्युलर व ड्वेक यांच्या १९९८ मधील अभ्यासात ‘हुशार आहेस’ अशा स्तुतीपेक्षा प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अपयशानंतर अधिक चिकाटीने काम करताना दिसली.

प्रश्न स्वतःच प्रेरक ठरू शकतो. त्यासाठी तो विद्यार्थ्याच्या अनुभवाला भिडणारा आणि तरीही कोडे शिल्लक ठेवणारा असावा लागतो. इंद्रायणी नदी पूर्वेकडे वाहते. मग लोणावळा, वळवण व शिरोटा येथील तलावांचे पाणी पश्चिमेला, घाटाखाली खोपोलीकडे का सोडले? या प्रश्नातून भूगोल, उंचीमुळे पाण्यात साठणारी ऊर्जा आणि १९१५ मध्ये सुरू झालेले टाटांचे खोपोली जलविद्युत केंद्र हे विषय एकत्र येतात.

भाषा आणि मौन

वर्गात न बोलणारे मूल अनभिज्ञ असते, हे गृहीतक अनेकदा चुकीचे ठरते. घरी कातकरी वा ठाकरी बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील प्रश्न आधी समजून घ्यावा लागतो, मग उत्तर शोधून ते परक्या भाषेत मांडावे लागते. एका सेकंदात हे शक्य नसते. अशा वेळी वाट न पाहणाऱ्या शिक्षकाच्या नोंदीत भाषेची अडचण ‘बुद्धीची उणीव’ म्हणून नोंदली जाण्याचा धोका असतो आणि वारंवार असे घडल्यास मूल शाळेपासून दुरावते.

बोलीतील उत्तर आधी स्वीकारणे, जोडीदाराशी बोलून मग सांगण्याची मुभा देणे आणि ज्या विषयात मूल जाणकार आहे तेथून आरंभ करणे, हे उपाय सुचवले जातात. पावसाळ्यापूर्वी राब का भाजतात, आवणीला रोप किती दिवसांचे लागते, पहिल्या पावसानंतर कोणत्या रानभाज्या मिळतात, हे प्रश्न विचारल्यास वर्गातील जाणकारांचा क्रम बदलतो. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रात विकसित झालेल्या ‘इंद्रायणी’ भाताचा पाठ अशा अनुभवकथनापासून सुरू करता येतो.

विद्यार्थ्यांचे प्रश्न

विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न विचारणे हे या पद्धतीचे प्रगत रूप समजले जाते. त्यासाठी वर्गात प्रश्नपेटी ठेवणे, उताऱ्यावर उत्तरांऐवजी प्रश्न लिहून आणण्यास सांगणे आणि ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे शिक्षकाने मोकळेपणाने म्हणणे उपयुक्त ठरते. पवना धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क खोऱ्यातील शेतीचा की पिंपरी-चिंचवड शहराचा, अशा विद्यार्थ्यांकडून येणाऱ्या प्रश्नांवर शिक्षकाने निवाडा न देता दोन्ही बाजूंची माहिती मिळवून द्यावी, अशी अपेक्षा असते.

मर्यादा

ही पद्धती वेळखाऊ आहे. अभ्यासक्रम ठरावीक मुदतीत संपवण्याचा ताण, मोठी पटसंख्या व स्मरणाला महत्त्व देणाऱ्या परीक्षा यांमुळे शिक्षक बंदिस्त प्रश्नांकडे वळतात. वाड्यावस्त्यांवरील द्विशिक्षकी शाळांत एकाच वेळी अनेक इयत्ता सांभाळाव्या लागत असल्याने दीर्घ संवाद कठीण जातो; तेथे मोठ्या मुलांनी लहानांना प्रश्न विचारण्याची गटरचना काही अंशी साहाय्यक ठरते. तसेच सतत प्रश्न विचारल्यास संकोची मुलांना ती उलटतपासणी वाटू शकते. म्हणून लेखी उत्तर, चित्र वा कृती असे अभिव्यक्तीचे अन्य मार्ग खुले ठेवण्याची शिफारस केली जाते.

हेही पाहा

• ज्ञानरचनावाद
• सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन
• अनुताई वाघ
• ताराबाई मोडक
• मावळ तालुका