गटाची राखण



आज मी तुम्हाला एका गटाचा इतिहास सांगणार आहे. या गटात बचत नव्हती, कर्ज नव्हतं, बँकेत खातंही नव्हतं. गट होता फक्त बोलण्यासाठी, आणि सगळं बोलणं संगणकावरून चालायचं. आज आपल्या बहुतेक गटांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ग्रामसंघाचा वेगळा, प्रभागसंघाचा आणखी वेगळा. म्हणून ही गोष्ट आपल्या कामाची आहे.

साल 1987. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात संगणकावर संशोधन करणाऱ्यांची परिषद भरली होती. सभागृहात शेकड्यांनी पुरुष, बायका अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक होती ॲनिटा बोर्ग. लहानपणापासून तिला गणिताची आवड. एका छोट्या विमा कंपनीत नोकरी करता करता ती संगणकाचं काम स्वतःच शिकली. पुढे 1981 मध्ये तिने न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

त्या परिषदेत या थोड्या बायकांची गाठ पडली ती बायकांच्या स्वच्छतागृहात! आपल्याकडे पाणवठ्यावर ओळखी होतात ना, तसंच. बोलता बोलता ठरलं, की एकत्र जेवू या. जेवताना प्रत्येकीच्या लक्षात आलं, की आपण आपापल्या कचेरीत एकट्या आहोत. अडलं तर विचारायला दुसरी बाई नाही. परिषद संपल्यावर काय करायचं? तेव्हा ॲनिटाने बारा जणींची एक यादी केली. एकीने संगणकावरून पत्र पाठवलं, की ते यादीतल्या सगळ्यांना पोचायचं. तेव्हा आजच्यासारखं इंटरनेट नव्हतं, मोबाइल तर दूरच. नाव ठेवलं ‘सिस्टर्स’. इंग्रजीत सिस्टर म्हणजे बहीण आणि सिस्टिम म्हणजे यंत्रणा, या दोन शब्दांची ती गंमत होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. यादी करणं सोपं असतं. आपणही दोन मिनिटांत ग्रुप काढतो. महिनाभरात त्यात फुलांची चित्रं, सुविचार आणि कुणाच्या तरी भाच्याच्या दुकानाची जाहिरात एवढंच उरतं. सिस्टर्सचं तसं झालं नाही, कारण तिथे थोडे पण पक्के नियम होते.

पहिला नियम, सभासद फक्त संगणकाच्या क्षेत्रातल्या बायका. दुसरा, बोलणं कामाच्या विषयावरच. तिसरा नियम सगळ्यात मोलाचा: इथे लिहिलेलं, लिहिणारीच्या परवानगीशिवाय बाहेर न्यायचं नाही.

हा तिसरा नियम का हवा? समजा, एखादीने ग्रुपवर लिहिलं, ‘यंदा सोयाबीन गेलं, माझा हप्ता थकणार आहे.’ कुणीतरी त्याचा फोटो काढून पुढे पाठवला आणि संध्याकाळपर्यंत तो पारावर पोचला. त्यानंतर ती बाई ग्रुपवर कधी लिहील का? आणि तिचं पाहून बाकीच्याही गप्प होतील. गट मोडल्याचं कुणी जाहीर करत नाही. बोलणं थांबतं, तिथेच तो मोडलेला असतो.

सिस्टर्सवर टीकाही झाली. पुरुषांना बाहेर ठेवणं हा भेदभाव नाही का, असं विचारलं गेलं. ॲनिटाने त्याचं उत्तर लिहून दिलं. तिच्या म्हणण्याचा सारांश असा, की या क्षेत्रात बायका थोड्या आहेत, विखुरलेल्या आहेत, एकमेकींना भेटत नाहीत. म्हणून त्यांना स्वतःची एक जागा लागते. बायांचाच गट कशाला, हा प्रश्न आपणही ऐकलाय. उत्तर फारसं वेगळं नाही.

नियम असले तरी गट ताठर नव्हता. 1992 मध्ये मॅटेल कंपनीने बोलणारी बार्बी बाहुली बाजारात आणली. गणिताचा तास अवघड असतो, असं ती बाहुली म्हणायची. लहान मुलींच्या मनात हेच भरवायचं का, म्हणून सिस्टर्समधल्या बायका उठल्या. त्यांनी सुरू केलेल्या निषेधाचाही परिणाम झाला आणि कंपनीने ते वाक्य बाहुलीतून काढलं. एरवी विषय सोडून न बोलणारा गट नेमक्या वेळी एका आवाजात बोलला.

पुढे सभासद हजारांवर गेल्या, देशोदेशी पसरल्या. हा पसारा सांभाळताना ॲनिटाने पत्रव्यवहारासाठी संगणकाची नवी प्रणालीही तयार केली. 1994 मध्ये तिने टेली व्हिटनी या मैत्रिणीबरोबर संगणकातल्या बायकांचा मोठा मेळावा सुरू केला. त्याला नाव दिलं ग्रेस हॉपर यांचं, ज्या संगणकाच्या क्षेत्रातल्या आद्य स्त्रियांपैकी एक. तो मेळावा पुढे भारतातही भरू लागला.

गटात ॲनिटाला गमतीने ‘सिस्टर्सची राखणदार’ म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. राखणदार शेताचा मालक नसतो. पीक दुसऱ्याचं असतं, त्याने फक्त जागं राहायचं. 6 एप्रिल 2003 रोजी ॲनिटा मेंदूच्या कर्करोगाने गेली, अवघी 54 वर्षांची होती. गट मात्र थांबला नाही. राखणीचं काम दुसऱ्या स्वयंसेविकांनी उचललं. नियम एकीच्या डोक्यात न राहता सगळ्यांच्या ओळखीचे झाले होते, म्हणूनच हे जमलं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. ग्रुप कशासाठी आहे, ते एका वाक्यात ठरावाच्या वहीत लिहा. थकबाकीदार बाईचं नाव ग्रुपवर टाकायचं नाही, ते बैठकीतच बोलायचं, असं ठरवा. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्या. आणि ॲडमिन दर सहा महिन्यांनी बदला, म्हणजे राखण करायला प्रत्येकीला येईल.