हैदराबादच्या वाटा : पूल, रूळ आणि मोटार

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात रस्ते, पूल आणि मोटारगाड्या यांच्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पुस्तक एका गावी छापले जाते आणि दुसऱ्या गावी वाचले जाते. मधले अंतर कोणत्या ना कोणत्या वाहनाने तोडावेच लागते. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडचा विद्यार्थी शिक्षणासाठी हैदराबादेत आला तो आगगाडीने, आणि पुण्या-मुंबईची नियतकालिके येथवर पोहोचली तीही त्याच वाटेने. येथील मराठी वस्ती, मराठी शाळा आणि मराठी वाचनालये यांच्या मागे या वाटा उभ्या आहेत. म्हणून त्यांची थोडी उजळणी येथे करावयाची आहे.

हैदराबाद वसण्याच्या आधी येथे पूल बांधला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत १५७८ मध्ये मुसी नदीवर पुराणा पूल झाला. गोवळकोंड्याहून नदीच्या दक्षिण तीराला जाण्याची वाट त्यामुळे बारमाही मोकळी झाली आणि पुढे १५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने त्या तीरावर चारमिनार उभारून नवे शहर वसविले. आधी वाट झाली आणि मग वस्ती झाली. आसफजाही काळात नदीच्या उत्तरेस इंग्रज रेसिडेन्सी आली, तिच्याभोवती बाजार वाढला, आणि त्यासाठी १८३१ मध्ये चादरघाटचा पूल झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अफजल पूल, म्हणजे आपला नयापूल, बांधला गेला, आणि शतक सरताना मुसल्लम जंग पूल. रेसिडेन्सीच्या हद्दीतील या बाजारांत निजामाचा नव्हे तर रेसिडेंटचा अंमल चाले. सभा-संस्थांना तेथे अधिक मोकळीक मिळे, हे त्या भागात ग्रंथालये व शाळा फुलण्याचे एक कारण होते. १९३३ मध्ये हे बाजार निजाम सरकारकडे परत आले आणि त्यांना सुलतान बाजार हे नाव मिळाले.

आगगाडी १८७४ मध्ये आली. पहिल्या सालारजंगाच्या दिवाणगिरीत वाडी ते सिकंदराबाद हा फाटा सुरू झाला आणि मुंबई-मद्रासच्या हमरस्त्याला हैदराबाद जोडले गेले. या मार्गाचा खर्च निजामाच्या तिजोरीतून झाला. सिकंदराबादच्या छावणीमुळे इंग्रज सरकारलाही त्याची तितकीच गरज होती. पुढे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, येथपर्यंत रूळ नेण्याची योजना पुढे आली. राज्याच्या तिजोरीवर किती भार पडणार, कोणत्या अटींवर करार होणार, हे रयतेला कळले पाहिजे, अशी मागणी १८८३ मध्ये काही सुशिक्षितांनी केली. त्यांत सरोजिनी नायडूंचे वडील डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम हे प्रमुख होते. मागणी साधी होती, माहिती द्या एवढीच. तीपायी अघोरनाथांना नोकरीवरून दूर करून राज्याबाहेर घालविण्यात आले. हैदराबादेतील सार्वजनिक चळवळीचा आरंभ अनेक अभ्यासक या प्रसंगापासून मानतात. अब्दुल कय्यूम पुढे १८८८ मध्ये दुर्मिळ अरबी ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या दायरतुल मआरिफ या संस्थेच्या संस्थापकांत होते. रेल्वेविषयी प्रश्न विचारणारा माणूस आणि ग्रंथसंस्था उभारणारा माणूस एकच असावा, हा आपल्यासारख्यांना निव्वळ योगायोग वाटणार नाही.

मराठी माणसाच्या दृष्टीने मात्र खरी वाट उघडली ती १९०० च्या सुमारास. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटर गेज मार्ग निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करीत मनमाडला जाऊन भिडला. संस्थानातील मराठी जिल्हे राजधानीशी रुळांनी बांधले गेले. या मार्गाचे काचीगुडा स्थानक १९१६ मध्ये उभे राहिले. त्याचे घुमट आणि मिनार आजही पाहणाऱ्याला थांबवितात. स्थानकावर उतरून टांग्याने किंवा पायीच सुलतान बाजार, गौळीगुडा गाठता येई. काचीगुडा-बरकतपुऱ्याकडे मराठी बिऱ्हाडे का वाढली, याचे उत्तर पुष्कळसे या स्थानकात सापडते.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीने शहरावर घाला घातला. हजारो माणसे दगावली. नदीवरील तीन नवे पूल पुराने मोडले आणि सव्वातीनशे वर्षांचा पुराणा पूल तेवढा टिकला. या आपत्तीनंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय निर्माण झाले. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाट, कोंदट वस्त्या हटविणे, रस्ते रुंद करणे, पाणी व मैला वाहून नेण्याची सोय करणे ही कामे त्याने हाती घेतली. नयापुलाकडून चारमिनारकडे जाणारा पत्थरगट्टीचा रुंद रस्ता आणि दुतर्फा असलेल्या दगडी कमानींच्या एकसारख्या दुकानांची ओळ ही याच मंडळाची देणगी. मंडळाने नव्या चाळी व घरेही बांधली. तरीही ज्यांची जुनी घरे त्या रुंदीत गेली त्यांची नावे कोणत्याही कमानीवर कोरलेली नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

विसाच्या दशकात खासगी मोटारी रेल्वेच्या बाजूने धावू लागल्या. जेथे उतारू जास्त तेथे मोटारींची गर्दी, आणि आडवळणाच्या गावाला काहीच नाही, अशी स्थिती होती. ब्रिटिश हिंदुस्थानातही हाच पेच पडला होता. हैदराबादने त्यावर जे उत्तर काढले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. १५ जून १९३२ रोजी निजामाच्या सरकारी रेल्वेनेच आपले रस्ता वाहतूक खाते उघडले. गाड्या २७, नोकर १६६, असा तो आरंभ होता. रूळ आणि रस्ता एकाच कारभाराखाली आले. मोटार ही रेल्वेची स्पर्धक न राहता, रूळ संपतो तेथून पुढे उतारूला नेणारी तिची सोबतीण व्हावी, हा त्यातील विचार. १९४५ मध्ये याच रेल्वेच्या व टाटांच्या भागीदारीतून डेक्कन एअरवेज स्थापन झाली आणि बेगमपेठेहून विमानेही उडू लागली. त्या पहिल्या काळातील विलायती आल्बियन मोटारींपैकी एक नमुना परिवहन महामंडळाने बस भवनात जतन केला आहे. बसच्या क्रमांकात दिसणारे ‘झेड’ हे अक्षर निजामाच्या मातोश्री जहरा बेगम यांच्या स्मरणार्थ ठेवले गेले, अशी आख्यायिका जुने हैदराबादकर आजही सांगतात.

स्वातंत्र्यानंतर ही एकत्र मोट सुटत गेली. नोव्हेंबर १९५१ मध्ये रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, तर रस्ता वाहतूक हैदराबाद राज्य सरकारकडे गेली. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत संस्थानाचे तीन तुकडे झाले, तसे गाड्यांचे आणि आगारांचेही झाले. तेलंगणातील व्यवस्था ११ जानेवारी १९५८ रोजी आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळात आली. मराठवाड्यातील व्यवस्था १९६१ मध्ये मुंबई व विदर्भातील परिवहन संस्थांबरोबर महाराष्ट्राच्या महामंडळात मिळाली. मराठवाड्यातील एखाद्या खेड्याच्या पारावर जी एस.टी. येऊन थांबते, तिच्या वंशावळीत गौळीगुड्याचा एक धागा आहे, हे तिकडच्या फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असेल. २०१५ मध्ये तेलंगणाचे महामंडळ निराळे झाले आणि आणखी एक वाटणी झाली.

गौळीगुड्याचे ते जुने स्थानकही आता नाही. विमानांच्या हँगरचे प्रचंड पत्र्याचे छप्पर असलेल्या त्या इमारतीतून कित्येक पिढ्यांनी गावाकडची गाडी पकडली. १९९४ मध्ये मुसीच्या पात्रालगत इमलीबनात महात्मा गांधी बसस्थानक झाले, लांब पल्ल्याच्या गाड्या तिकडे गेल्या, आणि ५ जुलै २०१८ रोजी जुने छप्पर एकाएकी कोसळले. सुदैवाने त्यात प्राणहानी झाली नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत झालेला पालट आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २००३ मध्ये उपनगरी रेल्वे आली. मार्च २००८ मध्ये विमानतळ शमशाबादला गेला, आणि तिकडे नेणाऱ्या उड्डाणमार्गाला पी. व्ही. नरसिंहरावांचे नाव मिळाले. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारे ते अनुवादक, हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगावयास नको. शहराभोवती १५८ किलोमीटरचा बाह्य वळणरस्ता झाला. २०१७ पासून मेट्रो धावू लागली आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी जुबिली बसस्थानक ते महात्मा गांधी बसस्थानक हा मार्ग सुरू होऊन ६९ किलोमीटरचे जाळे पुरे झाले. तो मार्ग सुलतान बाजारातूनच जातो. जुन्या बाजाराचे रूप बिघडेल, धंदा बुडेल, म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, मार्ग बदलण्याच्या वाटाघाटी झाल्या, परंतु शेवटी खांब तेथेच उभे राहिले. अघोरनाथांप्रमाणे या वेळी कोणाला हद्दपार व्हावे लागले नाही, एवढी प्रगती निश्चितच झाली. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे समाधान झाले असे मात्र म्हणवत नाही.

उपनगरी रेल्वे, मेट्रो आणि बस या वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारभारांखाली जन्मल्या. १९३२ मध्ये २७ गाड्यांच्या खात्याने जो सांधा जुळविला, तो आज कोटीच्या घरातील लोकवस्तीसाठी नव्याने जुळवावा लागणार आहे. नवा रस्ता किती रुंद, पूल किती उंच, हे आपण कौतुकाने मोजतो. एका वाहनातून उतरलेल्या माणसाला दुसरे वाहन किती पावलांवर मिळते, हेही त्याच कौतुकाने मोजले पाहिजे. सत्तरी ओलांडलेला सभासद पुस्तक बदलण्यासाठी घरून निघतो. बस, मेट्रो, पुन्हा थोडे चालणे, असा त्याचा प्रवास असतो. त्यातील ते शेवटचे चालणे सुखाचे झाले, तर पुराण्या पुलापासून चालत आलेल्या या साऱ्या खटाटोपाचे त्याच्यापुरते सार्थक झाले असे म्हणता येईल. पुढील शतकातील वाचकांसाठी ती वाट मोकळी राहावी, अशी या शताब्दीच्या निमित्ताने अपेक्षा व्यक्त करतो.