झोप लागते, स्वप्न पडतं

रात्री दहाच्या सुमाराला आई आतल्या खोलीतून हाक मारते, ‘अगं, जरा तंबोरा लाव, म्हणजे मला झोप लागेल.’ खरा तंबोरा आता घरात नाही, मोबाईलवरचा आहे. मी काळी चार लावते, आवाज अगदी बारीक करते आणि फोन तिच्या उशाशी ठेवून येते. हे रोजचंच. पण एका रात्री त्या वाक्यातल्या दोन क्रियापदांपाशी माझं मन अडलं. तंबोरा लाव. झोप लागेल. तंबोऱ्यापासून झोपेपर्यंत जायला आईला एकच धातू पुरला होता.

संस्कृतात लग् म्हणजे चिकटणं, जोडलं जाणं. ‘लग्न’ म्हणजे मुळात नुसतं ‘जोडलेलं’. प्राकृतात त्याचं ‘लग्ग’ झालं आणि मराठीत ‘लाग’. मग मराठीने या एका शब्दाकडून किती कामं करून घेतली! तहान लागते, ठेच लागते, वेड लागतं, एखाद्याचा लळा लागतो. ध्यान लागतं, समाधी लागते. गवयाचा सूर लागतो, आणि नाही लागला तर मैफलभर तो अस्वस्थ असतो. डोळा लागतो तेव्हा तर धातूचा मूळ अर्थ अक्षरशः खरा होतो, पापणी पापणीला चिकटते. सूर लागणं आणि डोळा लागणं या दोन्हींत वेगवेगळं असलेलं काहीतरी एकमेकांना येऊन मिळतं.

तंबोरा लागणं म्हणजे तरी दुसरं काय? चार तारा. पहिली पंचमाची, राग तसा असेल तर मध्यमाची, मधल्या दोन जोडाच्या, शेवटची खर्जाची. चारही एकमेकींत मिसळल्या की तंबोरा लागला. ‘तंबोरा’ हा शब्द फारसी ‘तंबूर’वरून आला. आपल्याकडे मात्र त्याचं नातं तुंबरू गंधर्वाशी जोडतात. ते खरं नाही, पण हे वाद्य आपलंच असावं असं लोकांना किती मनापासून वाटलं, ते त्यातून कळतं. ‘खर्ज’ची गोष्ट मला त्याहून आवडते. तो मुळात षड्ज. उत्तरेकडे ‘ष’ चा उच्चार ‘ख’ होत असे, भाषाची ‘भाखा’ झाली ती तशीच. षड्जाचा ‘खरज’ झाला आणि मराठीत ‘खर्ज’. म्हणजे षड्ज आणि खर्ज मुळात एकच. पण आपण दोन्ही रूपं ठेवली आणि खालच्या, पोटातून येणाऱ्या ‘सा’ला खर्ज म्हणू लागलो. खर्ज म्हणताना आपोआप आवाजही खाली जातो.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराला जवारी काढताना पाहावं. घोडीचा माथा तो कानसून कानसून असा करतो की तार तिच्यावर अलगद घासत राहावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सारायचा आणि केसभर पुढे-मागे करत राहायचं. एका जागी तो आला की तार नुसती वाजत नाही, फुलते. तिच्या पोटातले वरचे स्वर एकेक करून बाहेर पडतात. खर्जाची तार नीट लागली तर त्यातून गंधार ऐकू येतो. चारांपैकी एकही तार गंधाराची नसते, तरी तो येतो. गाणारे त्याला ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. देवळातल्या स्वयंभू मूर्तीसाठी आपण जो शब्द राखून ठेवतो, तोच इथे वापरावासा वाटला, यावरून त्याचा पहिला अनुभव कसा असेल याची कल्पना करावी.

आईच्या तंबोऱ्याचं सख्खं भावंड मला सापडलं ते कॅलिफोर्नियात. 1982 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट रिच नावाच्या तरुण संगीतकाराने वसतिगृहाच्या दिवाणखान्यात एक मैफल केली. ऐकणाऱ्यांनी आपापली अंथरुणं आणायची आणि तिथेच झोपायचं. तो रात्रभर, सुमारे नऊ तास, संथ आणि सलग सूर वाजवत राही, आणि सकाळी पियानो वाजवून लोकांना जागं करून चहा देई. झोपेच्या या मैफली त्याने पुढे अनेक केल्या. ऐकणाऱ्याला नुसती झोप लागावी एवढाच हेतू नव्हता. झोपेतही कानाचं दार किलकिलं राहावं आणि स्वप्नं ठसठशीत पडावीत, असा होता. 2001 मध्ये त्याने तसं सुमारे सात तासांचं संगीत डीव्हीडीवर काढलं. त्याचं नाव ‘सोम्नियम’.

आता या गोष्टीतले शब्द बघा. वसतिगृहाला इंग्रजीत डॉर्मिटरी म्हणतात, लॅटिन ‘दोर्मीरे’ म्हणजे झोपणे, यावरून. आणि आपल्या ‘निद्रे’तला ‘द्रा’ हा त्या ‘दोर्मीरे’चा नातलग. निद्रेची प्राकृतात ‘णिद्दा’ झाली, हिंदीत ‘नींद’, गोव्याच्या कोंकणीत ‘न्हीद’. आपल्या जुन्या मराठीतही ‘नीद’ होती, ‘निदसुरा’ या शब्दात ती अजून आहे. ‘सोम्नियम’ म्हणजे लॅटिनमध्ये स्वप्न, आणि झोप म्हणजे ‘सोम्नुस’. ग्रीकांचा ‘हिप्नोस’, ज्यावरून हिप्नॉटिझम आला, तोही याच घरातला. आणि आपलं ‘स्वप्न’ही. रिचच्या पहिल्या कॅसेटचं नाव तर सरळ संस्कृत होतं, ‘शून्यता’.

संस्कृतात ‘स्वप्न’चा पहिला अर्थ झोपच. स्वप् म्हणजे झोपणे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ‘अतिस्वप्नशील’ माणसाला योग साधत नाही असं म्हटलंय, तिथे फार स्वप्नं पाहणाऱ्याची गोष्ट नाही, फार झोपणाऱ्याची आहे. एकाच शब्दात झोप आणि झोपेत दिसलेलं, दोन्ही. पुढे उपनिषदांना जागृती, स्वप्न आणि गाढ झोप अशा वेगवेगळ्या अवस्था सांगायच्या होत्या, तेव्हा गाढ झोपेसाठी त्याच धातूपासून ‘सुषुप्ती’ आली आणि ‘स्वप्न’ चित्रांपुरतं उरलं. खेड्यातल्या ‘सपाना’तही आता झोप नाही. त्या जुन्या शब्दातली एकरूपता मला हवीशी वाटते. रिचला जे साधायचं होतं ते संगीत झोपेचं की स्वप्नाचं, हा प्रश्न वेदकालीन माणसाला पडलाच नसता.

या जातीच्या संगीताला जगभर अँबियंट म्हणतात. ते नाव रूढ केलं ब्रायन ईनो याने, 1978 साली, विमानतळांसाठी केलेल्या संगीताच्या तबकडीवर. त्याआधी 1975 च्या सुरुवातीला टॅक्सीची धडक बसून तो अंथरुणाला खिळला होता. एका मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प वाद्याची रेकॉर्ड आणून दिली. ती गेल्यावर त्याने कसाबसा उठून ती लावली आणि परत पडला, तेव्हा लक्षात आलं की आवाज फार बारीक आहे आणि एक बाजू वाजतच नाही. पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. बाहेर पाऊस. त्या पावसात मिसळलेली हार्प त्याने तशीच ऐकली, खोलीतल्या उजेडासारखी. त्यातून त्याला हे संगीत दिसलं.

अँबियंट म्हणजे लॅटिनमध्ये भोवती फिरणारं, ‘अँबि’ भोवती आणि ‘ईरे’ जाणे. हा ‘अँबि’ आपल्या ‘अभितः’चा भाऊ, ‘ईरे’ आपल्या ‘इ’ धातूचा. रोममध्ये निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार मतांसाठी लोकांभोवती फिरे, त्यावरून इंग्रजीतली महत्त्वाकांक्षा, म्हणजे अँबिशन, आली. एकाच घरातून एक शब्द धावायला निघाला आणि एक निजायला.

मराठीत अँबियंट संगीताला ‘पार्श्वसंगीत’ म्हटलेलं मी वाचलंय. ते मला पटत नाही. पार्श्व हा शब्द पर्शु, म्हणजे बरगडी, यावरून आला. पार्श्व म्हणजे कूस, बाजू. बाजूला काहीतरी महत्त्वाचं चाललंय आणि हे कुशीला बसून वाजतंय, असा त्याचा भाव आहे. झोपणाऱ्याच्या बाजूला दुसरं काहीच चाललेलं नसतं. त्यापेक्षा ‘भोवती’ बरा. भ्रम् म्हणजे फिरणे, त्यावरून भोवणे, भोवरा, भोवती आणि भोवळसुद्धा. आपल्याभोवतीचं जग आणि चक्कर येणं यांचं हे नातं झोपेच्या संगीताला अगदी शोभून दिसतं.

पण नावच हवं असेल तर माझं मत ‘तंद्री’ला. संस्कृत तंद्रा म्हणजे थकवा, पेंग. मराठीत आल्यावर तिच्यातला थकवा पातळ झाला. गाण्याची तंद्री लागते, शिवणकाम करताना लागते, दुपारच्या उन्हात झाडाखाली लागते. तंद्रीतला माणूस झोपलेलाही नाही, जागाही नाही. रिचला ऐकणाऱ्यांना न्यायचं होतं ते याच उंबरठ्यावर. (तंद्री आणि तारेची तंत्री यांचा संबंध जोडायचा मोह मलाही झाला, पण तंत्री तन् म्हणजे ताणणे यापासूनची, तिचं कूळ वेगळं.)

मग स्वप्नाचं काय? इथे मराठी व्याकरण मोठं सावध आहे. झोप लागते, पण स्वप्न पडतं. पाऊस पडतो, चांदणं पडतं, प्रश्न पडतो, विसर पडतो, तसं. गाणं लावलं की झोप लागते, कारण लागण्याला लावण्याची जोड आहे. पडण्याला पाडणं आहे. भुरळ पाडतात, ढगांवर फवारा मारून पाऊससुद्धा पाडतात. पण ‘स्वप्न पाडलं’ असं मी आजवर एकाही मराठी तोंडून ऐकलेलं नाही. रिचने तेवढंच केलं, जेवढं व्याकरण करू देतं. ढग जमतील अशी हवा त्याने रात्रभर तयार ठेवली.

ही हवा कधी सगळ्यांत अनुकूल असते तेही ठाऊक आहे. 1953 मध्ये शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या त्या टप्प्याची नोंद केली, ज्यात मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात. ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातच पडतात. साधारण दीड-दीड तासाने तो येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो, म्हणून सर्वांत लांब स्वप्नकाळ पहाटेचा. आपण त्याच वेळेला साखरझोप म्हणतो, आणि पहाटेचं स्वप्न खरं होतं असंही म्हणतो. खरं होतं की नाही ते बाजूला ठेवू. ते आठवतं, हे नक्की, कारण पहाटेची झोप चाळवलेली असते. चळणे, चाळवणे: मोडली नाही, उडाली नाही, नुसती हलली. झोपेच्या संगीताला एवढंच चाळवता आलं पाहिजे.

मुलांसाठी आपल्याकडे अंगाई आहे. घराघरांत बाळाला ‘गाई कर’ म्हणतात, म्हणजे झोप. जुन्या कवितेत ‘गाई’ म्हणजे ‘गातो’ किंवा ‘गाते’. हे दोन ‘गाई’ कुळाने एक आहेत असं मी म्हणत नाही, पण बाळाच्या कानाला ते वेगळे वाटत नसावेत. ‘जो जो’ तर कन्नड आणि तेलुगूतही आहे, त्याला कोश लागत नाही. पाळणा, गुजराती हालरडू, फ्रेंच बेर्स्यूझ यांत झोका आहे. इंग्रजी ललबायमध्ये नुसती जिभेची हालचाल. देवालाही आपण गाऊन निजवतो. शय्येची ‘सेज्जा’, तिची शेज, म्हणून शेजारती. मोठ्या माणसांना तेवढं कुणी निजवत नाही. म्हणून आईला तंबोरा लागतो.

पूर्वी तिचा डोळा लागला की मी हळूच जाऊन तो बंद करायची. दर वेळी तिची झोप चाळवायची. आवाज थांबल्याने माणूस जागा होतो, हे मला उशिरा कळलं. आता मी तो पहाटेपर्यंत चालू ठेवते. परवा चहा पिताना ती म्हणाली, ‘काल आजोळच्या माजघरात होते मी. कोणीतरी वर गंधार धरला होता, दिसलं नाही कोण ते.’