मानाची रांग, पासाची रांग

महाशिवरात्रीला बीड जिल्ह्यातल्या परळीत वैजनाथाच्या दारी तीन रांगा लागतात. एक बायांची, एक पुरुषांची आणि तिसरी पासधारकांची. पहिल्या दोन बल्ल्यांच्या आडोशानं वळणं घेत लांबवर जातात. हातात बेलाची पानं, कडेवर लेकरू, तोंडात ‘हर हर महादेव’. तिसरी रांग आखूड असते. ती आखूड राहावी यासाठीच तिला किंमत लावलेली असते. लांब रांगेतला माणूस अधूनमधून तिकडं बघतो आणि मनातल्या मनात हिशेब घालतो, आपणही पास काढायला हवा होता की काय?

परळीपुरता हा हिशेब जरा वेगळा आहे, कारण देऊळच वेगळं आहे. बऱ्याच शिवमंदिरांत गाभारा खोल असतो. पायऱ्या उतरल्याशिवाय पिंड दिसत नाही. वैजनाथाचा गाभारा आणि सभामंडप मात्र एकाच पातळीवर आहेत. मंडपात उभ्या माणसालाही देव दिसतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. नुसतं बघायचंच असेल, तर इथं देव तसा लपून बसलेला नाही. खरी गर्दी होते ती स्पर्शासाठी. पिंडीवर हात ठेवायचा, बेल वाहायचा, कपाळ टेकवायचं. हात ठेवायला जागा ओंजळभर आणि माणसं हजारो, तेव्हा तिथं क्रम लावावाच लागतो. तो क्रम कसा लावायचा, याला मोठा इतिहास आहे.

‘जो आधी आला तो आधी’ हा नियम आज इतका सरळ वाटतो, की तो देवळाइतकाच जुना असावा असा समज होतो. तसं नाही. देवळातली जुनी व्यवस्था मानाची होती. पहिली पूजा कुणाची, पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, काठी कुणाच्या दारातून निघायची, हे सगळं ठरलेलं असे आणि ते पहाटे लवकर उठण्यावर अवलंबून नसे. पाटील, देशमुख, देशपांडे, गुरव, अमक्या गल्लीतले तमके असे मानकरी असत आणि मान बापाकडून लेकाकडं जाई. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रेत आजही यावरून बाचाबाची होते. बाकीच्यांनी मानकरी आटोपेपर्यंत थांबायचं. त्या थांबण्याला कुणी रांग म्हणत नसे.

मानाची गंमत अशी की पुढं असणं म्हणजेच मोठं असणं, असंही प्रत्येक वेळी नसतं. आषाढीला वाखरीहून पंढरपुरात शिरताना ज्ञानेश्वर माउलींची पालखी सर्वांत शेवटी येते आणि तोच सर्वांत मोठा मान. माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांना क्रमांक आहेत, काही रथापुढं, काही रथामागं. वाटेत कुणी कुणाला ओलांडत नाही. तिथं तिसऱ्या रांगेला जागाच नाही.

मानाच्या जोडीला पैसाही फार आधीपासून होता. ओडिशातलं पुरी काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं आणि जगन्नाथाच्या यात्रेकरूंकडून तेव्हाही कर घेतला जाई. १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तो मुलूख घेतला आणि १८०६ मध्ये कराचे नियम कागदावर आणले. यात्रेकरूंचे चार वर्ग पाडले : लाल, निमलाल, भुरंग आणि पुंजतीर्थी. उत्तरेकडून आलेल्या ‘लाल’ यात्रेकरूला दहा रुपये, दक्षिणेकडच्याला सहा, भुरंगाला दोन आणि कंगालांना माफी. जो जास्त भरेल त्याला देवळात जायला जास्त दिवस मिळत. सरकारी मोहोर लागलेला, वर्गवार दरांचा दर्शनपासच म्हणायचा हा. इंग्लंडातल्या मिशनऱ्यांनी ओरड केली, ती गरिबांच्या कळवळ्यानं नव्हे. ख्रिस्ती सरकारनं मूर्तिपूजेतून पैसा मिळवावा हेच त्यांना खुपत होतं. १८४० मध्ये तो कर रद्द झाला.

आपल्याकडं पंढरपुरात हे सरकारऐवजी बडव्यांनी, म्हणजे विठ्ठलाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी केलं. देवाजवळ बसण्याच्या पाळीचा बडव्यांमध्ये लिलाव होई. ज्यानं जास्त बोली लावून पाळी घेतली, त्याला ते पैसे भक्तांकडूनच वसूल करायचे असत. मग दक्षिणा टाकणाऱ्याचं डोकं विठ्ठलाच्या पायांवर निवांत टेके आणि बाकीच्यांना पुढं ढकललं जाई. तक्रारी वाढल्या, चौकशीसाठी नाडकर्णी आयोग बसला, १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे कायदा झाला आणि मग खटल्यांमागून खटले चालले. बडव्यांचे आणि रुक्मिणीचे पुजारी असलेल्या उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयात अखेर संपले, ते १५ जानेवारी २०१४ ला. नियम करायला एक पिढी गेली आणि तो पुरता लागू व्हायला चाळीस वर्षं.

हे सगळं झालं देवळात शिरता येणाऱ्यांचं. ज्यांना रांगेतच उभं राहू देत नव्हते, त्यांचं काय? चोखामेळ्याची समाधी विठ्ठलाच्या महाद्वारासमोर, नामदेवाच्या पायरीजवळ आहे, आत नाही. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठ्ठल सगळ्यांना भेटावा एवढ्याचसाठी. त्याच साली मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि मराठवाडा मुक्त व्हायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावं लागलं. अस्पृश्यता बंद झाल्याचं देशभरासाठी लिहिलं गेलं ते राज्यघटनेत, २६ जानेवारी १९५० पासून.

म्हणजे सगळ्या जातींची माणसं एकामागोमाग एक उभी आहेत, जो आधी आला तो आधी, ही परळीची किंवा पंढरीची रांग कायद्याच्या दृष्टीनं पाऊणशे वर्षांची आहे. मान शेकडो वर्षांचा आणि रांग आजोबांच्या वयाची. पैसे मोजून पुढं जाणाऱ्याचा राग येतो तो यामुळं. ही तिसरी रांग नवी नाही. तो जुना मानच आहे, फक्त आता खिडकीवर सुटा मिळतो.

देवळाबाहेर रांगेची सवय लावली ती रेल्वेच्या तिकीट खिडकीनं आणि रेशननं. मुंबईत मे १९४३ मध्ये रेशन सुरू झालं आणि पिशवी किंवा चप्पल ठेवून नंबर धरण्याची विद्या घरोघर पोचली. थेटरबाहेर ब्लॅकवाला होता. चार आणे जास्त दिले की रांग चुकायची, पण तो पोलिसांना चुकवून धंदा करायचा. रेल्वेनं स्वतःच जादा पैसे घेऊन नंबर पुढं सरकवणं सुरू केलं ते डिसेंबर १९९७ मध्ये, ‘तत्काळ’पासून. तेव्हापासून या गोष्टीची लाज गेली.

जगात ही लाज आधीच गेली होती असं वाटेल, पण मजेच्या बागांची गोष्टही सरळ नाही. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत जायला वेगळे पैसे आणि प्रत्येक पाळण्याला वेगळं तिकीट, अगदी आपल्या जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखं. रांगेत सगळे सारखेच. १९९९ मध्ये डिस्नेनं ‘फास्टपास’ काढला : ठरलेल्या वेळी या, थांबू नका. तोही सगळ्यांना फुकट. २०२१ मध्ये तो बंद करून त्याच्या जागी विकतचा आला. आपल्याकडं बोरिवलीच्या खाडीपलीकडं गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं आणि खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका. इमॅजिकात एक्सप्रेसचं महाग तिकीट घेतलं की वेगळ्या वाटेनं लवकर आत सोडतात. शाळेच्या सहलीला गेलेली पोरं ते बघतात आणि तिथंच पहिला धडा शिकतात.

पाळण्याच्या बाबतीत तरी मालकाला एक सोय आहे : गर्दी झाली तर दुसरा पाळणा उभा करता येतो. ज्योतिर्लिंग दुसरं उभं करता येत नाही.

म्हणून हिशेब करूनच बघायला हवा. समजा, गाभाऱ्यातून मिनिटाला वीस माणसं बाहेर पडतात, म्हणजे तासाला बाराशे. धर्मदर्शनाच्या, म्हणजे बिनपैशाच्या रांगेत तुमच्यापुढं छत्तीसशे माणसं आहेत. तीन तासांत तुमचा नंबर यायला हवा. आता पासाच्या रांगेतून तासाला तीनशे आत सोडले, तर धर्मदर्शनाला नऊशेच उरतात आणि तुमचे तीन तास चार होतात. देवस्थाननं पासधारकाला जो वेळ विकला तो देवस्थानचा नव्हताच. तो लांब रांगेतल्या तुमचा होता. देणगी मात्र देवस्थानच्या पेटीत पडली. त्यातून भक्तनिवास, अन्नछत्र, पाण्याची सोय होत असेल तर काही परतफेड झाली म्हणता येईल. पण ती व्हायला हवी आणि दिसायलाही हवी.

पास घेणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तरी सौदा वाटतो तितका फायद्याचा नाही. साध्या मंगळवारी परळीत पास काढणं म्हणजे उघड्या दाराला किल्ली लावणं. आणि महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी, जेव्हा पासाचा खरा उपयोग, तेव्हा आपल्यासारखाच विचार करून आलेल्यांची पासाचीच रांग वाढत जाते. महाग वस्तू सगळ्यांनीच घेतली की ती पुन्हा साधी होते. वयस्क आई, गुडघे धरलेले वडील किंवा तान्हं मूल सोबत असेल तर पैसे जरूर खर्चावेत. खरं म्हणजे अशांना पैसे न घेताच पुढं सोडायला हवं. धडधाकट माणसानं हा खर्च केला तर त्याच्या हाती लागतो फक्त घाईतल्या समाधानाचा भास.

दुसरीकडं हिशेब माणसागणिक बदलतो. त्र्यंबकेश्वरला देणगी दर्शनाला माणशी २०० रुपये मोजावे लागतात. तोच दर धरला, तर घरातल्या चौघांचे आठशे झाले. बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. महाशिवरात्रीला त्यांतले कितीतरी जण अजून फडातच असतात. ते मोकळेपणानं परळीला येतात श्रावणात. आठशे रुपयांपुढं चार तास उभं राहणं त्यांना जड नाही, आणि रिकाम्या श्रावणातला वेळ त्यांच्याजवळ असतोही. त्यांचा आक्षेप वेळेबद्दल नसतोच. आपल्या समोरून कुणीतरी आत गेलं, एवढंच मनात राहतं.

व्हीआयपी दर्शन बंद करावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ३१ जानेवारी २०२५ ला ती ऐकून घ्यायला न्यायालयानं नकार दिला. अशी खास वागणूक असू नये असं मत असू शकतं, पण तसा आदेश आपण काढणार नाही, असा एकूण सूर होता. म्हणजे निर्णय पुन्हा देवस्थानांकडं आला.

पंढरपुरात मात्र एक जुनी-नवी रीत टिकून आहे. आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री महापूजा करतात, तेव्हा दर्शनाच्या रांगेत सर्वांत पुढं जे दांपत्य उभं असेल, त्यालाही पूजेचा मान मिळतो. पैसे, जात, गाव काही विचारत नाहीत. विचारतात फक्त नंबर. १० जुलै २०२२ च्या आषाढीला हा मान बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातल्या एका शेतकरी नवरा-बायकोला मिळाला. त्यांनाही पास मिळाला : एसटीचा, वर्षभराचा, फुकट.