तोफ, नांगर आणि मोटार

गेल्या दिवाळींत आम्ही औंधास आमच्या वडिलोपार्जित घरीं गेलों, तेव्हां परसांतील छपराखालीं उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीचा निकाल लावण्याचें काम आमच्यावर येऊन पडलें. मोटार आमच्या दिवंगत वडील बंधूंची. त्यांच्या पश्चात् तिला कोणीं हात लावला नव्हता. छपराचा एक वासा मोडला होता, पावसाचें पाणी टपावर गळत होतें, आणि आंतल्या गादीवर कोंबड्यांनीं बिऱ्हाड केलें होतें. भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता. वहिनींचें म्हणणें एवढेंच कीं, "भावजी, चालती करा नाहीं तर घेऊन जाऊं द्या, रोज सकाळीं ती अशी पाहवत नाहीं." आमचा पुतण्या म्हणाला, "काका, एक हिंवाळा द्या." आम्हीं दिला. शिमग्यापर्यंत गाडी सुरू न झाल्यास भंगारवाल्यास बोलावावयाचें, असें ठरलें.

एका घरांतील ही गोष्ट वाचकांस सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन इतकेंच कीं, त्या तीन महिन्यांत सुट्या केलेल्या एकेका भागाबरोबर आमच्या या मुलखाच्या इतिहासांतील एक प्रश्न आमच्यापुढें उभा राहिला. जुनी वस्तु केव्हां राखावी आणि केव्हां वितळवावी, हा तो प्रश्न होय. औंधच्या लहानशा राज्यांत या प्रश्नाचीं दोन्हीं उत्तरें एकाच पिढींत दिलीं गेलीं आहेत.

प्रथम मोटारीविषयीं. ती प्लिमथ जातीची, अमेरिकन कुळांतली, पण जोडलेली मुंबईजवळ कुर्ल्यास. अमेरिकन मोटारींचे सुटे भाग पेट्यांतून आणून ते येथें जोडण्याचा उद्योग आपल्याकडे जनरल मोटर्सनें १९२८ सालीं शिवडीस सुरू केला. मागोमाग फोर्ड कंपनीही मुंबईस आली. मोटारी हिंदुस्थानांतच बनाव्यात, ही कल्पना सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं मांडली आणि ती सोलापुरास जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनीं उचलली. सरकारचें साहाय्य युद्धकाळांत मिळालें नाहीं. तरी क्रायस्लर कंपनीशीं करार करून त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी काढली, आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या नांवांच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. आमच्या बंधूंची गाडी त्यांच्यापैकींच एक. ती त्यांनीं जुनी म्हणूनच विकत घेतली होती.

पुढें स्वतंत्र हिंदुस्थानच्या सरकारनें असें धोरण धरलें कीं, ज्यांस येथें भाग बनवावयाचे असतील त्यांनींच येथें राहावें. नुसत्या जोडणीस जागा नाहीं. त्यामुळें जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघींनीं १९५४ सालीं आपलीं दुकानें आवरलीं. पाव शतक या देशांत गाड्या जोडल्या गेल्या, पण पेटी यावयाची थांबतांच हात रिकामे झाले. जोडणें आणि बनवणें यांत केवढें अंतर आहे, तें या एका उदाहरणावरून ध्यानांत येईल.

आतां आमच्या परसाकडे वळूं. पहिल्याच दिवशीं चाकें काढण्याचा बेत केला. उजव्या बाजूचे बोल्ट रॉकेल पाजतांच निघाले. डाव्या बाजूचे हालेनात. पान्याला नळीचा दांडा लावून आम्ही चुलते-पुतणे दोन दिवस त्यांच्याशीं झुंजलों. शेवटीं एक बोल्ट तुटला, आणि तुटलेल्या तुकड्याचे आटे पाहतां पुतण्याच्या लक्षांत आलें कीं ते उलटे आहेत. चाक फिरतांना बोल्ट आपोआप सैल होऊं नयेत म्हणून क्रायस्लरच्या कारखान्यांत डाव्या चाकांस उलटे आटे ठेवीत. जो बोल्ट सोडवण्यासाठीं आम्ही घाम गाळीत होतों, तो आम्ही खरोखर अधिकच आवळीत होतों! तीस वर्षें अध्यापन केलेल्या माणसास हा धडा सोसणें सोपें नव्हतें. विजेच्या बाबतींतही तसेंच झालें. या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचें धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें. हल्लींच्या गाड्यांत ऋण टोंक जोडतात. मदतीस आलेल्या कारागिरानें हल्लींच्या रीतीनें जोडणी केली, आणि दोन तारांतून धूर निघाला. त्याचा दोष नव्हता. त्यानें तशी गाडी पाहिलीच नव्हती. त्या दिवसापासून पुतण्यानें एक वही घातली. निघालेला प्रत्येक भाग पुसावयाचा, मोजावयाचा, वहींत त्याचें चित्र काढावयाचें, आणि मगच पुढचा भाग सोडवावयाचा, असा नियम झाला.

ती वही भरूं लागली, तसें आम्हांस राहून राहून लक्ष्मणराव किर्लोस्करांचें स्मरण होऊं लागलें. १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांत जन्मलेला हा पुरुष चित्रकार होण्याच्या इच्छेनें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेला. त्यांस कांहीं रंग नीट ओळखूं येत नाहींत, असें तेथें आढळलें, म्हणून रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले आणि पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत तोच विषय शिकवूं लागले. बेळगांवास बंधु रामूअण्णांबरोबर त्यांनीं १८८८ सालीं सायकलींचें दुकान मांडलें होतें. मुंबईस बढतीच्या वेळीं डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते तेथें परत आले. सायकल विकावयाची, दुरुस्त करावयाची, तिचे भाग हाताळावयाचे, हें त्यांचें पहिलें शिक्षण. यंत्रकामावरील अमेरिकन नियतकालिकें हें दुसरें. मग कडबा कापण्याचें यंत्र झालें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं लोखंडी नांगर झाला. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष उतरतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पडून राहिले, गिऱ्हाइकें येईनात.

अशा स्थितींत बेळगांवची कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठीं गेली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आपल्या राज्यांत बोलावलें. बाळासाहेब १९०९ सालीं गादीवर आले होते. त्यांचें राज्य अवघ्या बहात्तर गांवांचें, आणि तीं गांवेंही सलग नव्हत. आज निरनिराळ्या जिल्ह्यांत तीं विखुरलेलीं दिसतील. कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा माळ त्यांनीं कारखान्यास दिला आणि कर्जाची सोयही केली. माळावर निवडुंग माजलेला आणि नागांचा सुळसुळाट. १९१० सालच्या मार्चांत तेथें किर्लोस्करवाडी वसली. स्टेशनाचें नांवही पुढें तेंच झालें. त्या वाडीवरून १९२० पासून निघूं लागलेलें 'किर्लोस्कर' मासिक आणि त्यामागून आलेलें 'स्त्री' हीं महाराष्ट्रांतील किती घरांत वाचलीं गेलीं, तें या मासिकाच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.

पहिलें महायुद्ध सुरू झालें आणि विलायती लोखंड मिळेनासें झालें. नांगरास मागणी येऊं लागली होती, पण ओतशाळेंत घालावयास लोखंड नाहीं. त्या वेळीं करवीरच्या छत्रपति शाहू महाराजांनीं आपल्या राज्यांतील निकामी झालेल्या जुन्या तोफा नांगरांसाठीं दिल्या. तोफा भट्टींत गेल्या आणि फाळ होऊन शेतांत उतरल्या. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. एखाद्या तोफेवरचा लेख वाचण्यासाठीं गडावर चढून जाणारांच्या जातीचे. म्हणून हें प्रथम वाचलें तेव्हां आमच्या मनास चुटका लागला होता, हें कबूल केलें पाहिजे. कोणत्या तोफेवर कोणता सन कोरला होता, कोणत्या ओतकाराचें नांव होतें, तें सर्व त्या भट्टींत गेलें. पण पोटास भाकरी देणाऱ्या फाळापुढें निकाम्या तोफेची बाजू कोणीं मांडावी? महाराजांनीं केलें तेंच योग्य होतें, असें आमचें आजचें मत आहे.

मग बाळासाहेबांनीं केलें तें काय? ज्या हातांनीं त्यांनीं ओतशाळेस माळ दिला, त्याच हातांनीं त्यांनीं यमाईच्या डोंगरावर वस्तुसंग्रहालय उभारलें. तें १९३८ सालीं खुलें झालें. राजे स्वतः चित्रकार. जुन्या शैलींचीं चित्रें, कोरीव काम, रविवर्म्याचीं चित्रें, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची दगडांतील माता-बालकाची मूर्तिही तेथें पाहावयास मिळते. एका बाजूस वितळवणें, दुसऱ्या बाजूस राखणें. हा विरोध आहे असें आम्हांस पूर्वीं वाटे. आतां वाटत नाहीं. दोन्हीं ठिकाणीं कसोटी एकच होती: या वस्तूपासून पुढच्या माणसास अधिक मिळेल तें कोणत्या रूपांत? चित्र वितळवून कांहींच हातीं लागत नाहीं. निकाम्या तोफेपासून नांगर मिळतो.

हीच कसोटी आम्हीं बाळासाहेबांच्या राज्यासही लावून पाहिली. १९३९ सालीं महात्माजींच्या सल्ल्यानें, राजपुत्र अप्पासाहेब आणि पोलिश इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांच्या खटपटीनें औंधास जें संविधान मिळालें, त्यानें राजानें आपली सत्ता आपण होऊन प्रजेच्या हातीं दिली आणि कारभाराचा पाया ग्रामपंचायतींवर घातला. ८ मार्च १९४८ रोजीं तें राज्य मुंबई प्रांतांत विलीन झालें. विलीन होणें म्हणजे विरघळणेंच. कांहीं जुन्या मंडळींस त्याचा विषाद वाटे. आम्हांसही थोडा वाटतो, पण राज्य गेल्याचा नव्हे. पंचायती कशा भरत, तंटे कसे तुटत, कोठें चुकलें आणि कोठें साधलें, याची बारीक टांचणें गांवोगांवीं जपलीं गेलीं असतीं, तर त्यांतून नव्या व्यवस्थेस अधिक शिकतां आलें असतें. तोफ वितळवावी, पण वितळवण्यापूर्वीं तिच्यावरचा लेख उतरून घ्यावा. आमचे लोक वितळवण्यांत कमी पडले नाहींत. लेख उतरून घेण्यांत मात्र कमी पडले.

गाडीचें इंजिन सहा नळकांड्यांचें, बाजूच्या झडपांचें. दट्टे गंजून नळकांड्यांत घट्ट बसले होते. त्यांत तेल-रॉकेल ओतून आठ दिवस वाट पाहिली, तेव्हां ते हालले. पाण्याच्या पंपाचा दांडा झिजून गेला होता आणि तो विकत मिळण्याचा संभव नव्हता. पुतण्या वहींतील चित्र आणि मोडका दांडा घेऊन पलूसच्या एका लेथवाल्याकडे गेला. त्यानें चित्र पाहिलें, मापें दोनदां विचारलीं, आणि दुपारपर्यंत नवा दांडा कातून दिला. त्याचे आजोबा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत कामास होते, असें त्यानें बोलतां बोलतां सांगितलें. शिवडीस ज्या पेट्या येत, त्यांतून असा माणूस आला नसता. तो निवडुंगाच्या माळावरून आला.

पौषांतील यमाईच्या यात्रेस चार दिवस होते, तेव्हां इंजिनानें प्रथम आवाज दिला. तो बंद पडला, पुन्हां झाला, आणि मग टिकला. कोंबड्या दूर पळाल्या. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. कांहीं बोलल्या नाहींत. ब्रेकचें काम पुरें होईतों गाडी रस्त्यावर आणावयाची नाहीं, असें आम्हीं ठरविलें होतें. तें झाल्यावर एके दिवशीं सकाळीं त्यांस बसवून डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणलें. परत आल्यावर त्या म्हणाल्या, "आतां नेली तरी चालेल."

गाडी नेली नाहीं. निदान या वर्षीं तरी नाहीं. पुढें काय होईल तें सांगवत नाहीं. पेट्रोल महाग, सुटे भाग दुर्मिळ, आणि पुतण्यास नोकरीसाठीं बाहेर जावें लागेल. एखाद्या वर्षीं भंगारवाला पुन्हां येईल, आणि कदाचित् तेव्हां त्यास नाहीं म्हणणें जमणार नाहीं. तरी आम्हांस त्याची पूर्वींसारखी चुटपुट वाटत नाहीं. दोनशें पानांची ती वही आम्हीं आमच्या पुस्तकांच्या कपाटांत ठेविली आहे. तिच्या पहिल्या पानावर पुतण्यानें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: "डाव्या चाकांचे आटे उलटे आहेत."