परदेशी मोटार, देशी मिस्त्री

कऱ्हाडाहून पाटणमार्गे कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाणारा रस्ता तुमच्या माहितीचा. १९४८ साली राज्यात एस.टी. सुरू झाली, तेव्हा तिच्या ताफ्यात बेडफर्डबरोबर शेवरोले, स्टुडबेकर अशा अमेरिकन बनावटीच्या गाड्याही होत्या. त्या इथं आल्या कशा?

१९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना काढला. भाग परदेशातून यायचे, जोडणी इथं व्हायची. १९४४ साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर कंपनी स्थापली. पुढं कुर्ल्याला डॉज, प्लिमथ गाड्या निघू लागल्या. १९५३ साली सरकारनं ठरवलं, की नुसती जोडणी चालणार नाही, भागही इथंच बनवा. जनरल मोटर्सनं १९५४ साली गाशा गुंडाळला.

गाड्या मात्र मागं राहिल्या. सुटा भाग मिळेना, तेव्हा मिस्त्रीनं बुश लेथवर कातला आणि मोटार चालू ठेवली. हीच खरी जतनाची कला!

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूप राखलेली खासगी मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. रोजच्या वापराला मात्र ती काढायची नाही. तेव्हा कुणाच्या परड्यात जुनी डॉज गंजत असेल, तर भंगारात घालण्याआधी विचार करा. आणि गुरुजी, तुम्ही मुलांना गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे न्या. त्यानं काय काय दुरुस्त केलं ते वहीत उतरवून घ्या. कारखान्यांचा इतिहास कागदावर आहे. त्याचा अजून त्याच्या तोंडीच आहे.